घरचे आणि जगाचे, एकाच वेळापत्रकात

प्रति,
मा. कुलगुरू,
स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ,
ज्ञानतीर्थ, विष्णुपुरी, नांदेड



नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतल्या शाळांना लागणारे शिक्षक आपल्या विद्यापीठाशी संलग्न बी.एड. महाविद्यालयांतून तयार होतात. भारतीय शिक्षणाचा इतिहास शिकताना फुले, कर्वे, कर्मवीर भाऊराव पाटील ही नावे ते वाचतात, आणि ती वाचलीच पाहिजेत. त्याच ओळीत माझगावच्या एका शाळेचे नाव यावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ही शाळा कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाने, म्हणजे बेने इस्राएलांनी, १८७५ मध्ये मुंबईत सुरू केली. तेव्हा तिचे नाव इस्राएलाइट स्कूल होते. आज ती सर एली कदुरी हायस्कूल म्हणून ओळखली जाते.

गोदाकाठच्या विष्णुपुरीचा आणि या समाजाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. घरी एक भाषा, शाळेत दुसरी आणि नोकरीत तिसरी अशा तीन पायऱ्यांवर पाय ठेवत मोठी होणारी मुले आपल्या चारही जिल्ह्यांत आहेत. किनवटच्या पाड्यांवर गोंड आणि कोलाम मुले आहेत, मुखेड-कंधारच्या तांड्यांवर गोरमाटी बोलणारी मुले आहेत. नांदेड शहरात दखनी शीख आणि उर्दू घरांतली मुले आहेत. घरचे सांभाळून जगाचे कसे शिकायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. माझगावच्या त्या लहानशा समाजाने या प्रश्नाचे उत्तर शाळा बांधून दिले, आणि ते उत्तर आपल्या भावी शिक्षकांना माहीत असले पाहिजे.

आधी थोडा इतिहास. बेने इस्राएल कित्येक शतके आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गावांत राहत होते. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. गावांवरून त्यांची आडनावे पडली : किहीमचे केहिमकर, राजपुरीचे राजपुरकर, चौलचे चेऊलकर, नवगावचे नवगावकर. हिब्रू भाषा त्यांच्या हातून जवळजवळ सुटली होती. धर्मग्रंथ नव्हते, शिकलेले धर्मगुरू नव्हते. उरले होते ते शनिवारचा विसावा, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शेमा’ ही एकच प्रार्थना. लग्न असो, सुंता असो की मर्तिक, हीच प्रार्थना म्हटली जायची. आचार टिकला होता, पण त्यामागचे ज्ञान विरत चालले होते.

मग हा समाज मुंबईत आला. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी तिथे त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. १८१३ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत उतरले आणि त्यांनी शाळा काढल्या. त्या शाळांत ज्यू मुले शिकू लागली, ज्यू शिक्षकही शिकवू लागले. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे बेने इस्राएलांना ठाऊक होते. तरी त्यांनी त्या शाळांतून विद्या घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. पण मुलांना स्वतःच्या धर्माची ओळख दुसऱ्या धर्माच्या प्रचारकांकडून व्हावी, हे किती दिवस चालायचे? हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळा काढली ती या प्रश्नातून. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने तिला पुढे हातभार लावला. मूळच्या बगदादच्या आणि शांघाय-हाँगकाँगमध्ये व्यापार करणाऱ्या सर एली कदुरी यांची देणगी आली, तेव्हा शाळेला त्यांचे नाव मिळाले.

केहिमकर शाळा काढून थांबले नाहीत. १८९७ मध्ये त्यांनी आपल्या समाजाचा सविस्तर इतिहास लिहून काढला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला, त्यांच्या मृत्यूनंतर. शाळा काढणारा माणूसच समाजाचा इतिहास लिहायला बसला, हा मला योगायोग वाटत नाही. शाळा चालवायची तर मुलांना आपण कोण हे सांगावे लागते, आणि सांगायचे तर ते आधी शोधून, जुळवून, लिहून ठेवावे लागते.

कुलगुरू महोदय, मला इथे आपले लक्ष एका विद्यापीठीय गोष्टीकडे वेधायचे आहे. जोसेफ इझिकेल राजपुरकर हे डेव्हिड ससून बेनिव्होलंट इन्स्टिट्यूशन या मुंबईतल्या दुसऱ्या ज्यू शाळेचे अनेक वर्षे मुख्याध्यापक होते. त्यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले, एक-दोन नव्हे, अनेक. आणि मुंबई विद्यापीठाने त्यांना हिब्रूचे परीक्षक नेमले. काही हजार माणसांच्या समाजाची धर्मभाषा विद्यापीठाने परीक्षेचा विषय म्हणून मान्य केली आणि त्याच समाजातल्या शाळामास्तराला परीक्षकाच्या खुर्चीत बसवले. शाळेत हिब्रू गिरवणाऱ्या मुलाला त्यातून कळले असेल की आपण शिकतो ते घरापुरते नाही, त्याला बाहेरही मोल आहे. शाळेने जपलेले ज्ञान असे विद्यापीठाच्या मान्यतेने वाढते.

या शिक्षणाने काय घडवले, हे रिबेका रूबेन यांच्याकडे पाहिले की कळते. १८८९ चा त्यांचा जन्म. पुण्याच्या हुजूरपागेत त्या शिकल्या आणि १९०५ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या. ज्या काळात मुलगी मॅट्रिकपर्यंत पोचणे हीच बातमी होती, त्या काळातली ही गोष्ट. १९२२ ते १९५० त्या माझगावच्या या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. हुजूरपागेत मराठी मुलींच्या बरोबरीने शिकलेली बाई आपल्या समाजाच्या शाळेत परत येते आणि उमेदीची वर्षे तिथेच देते, यात मला या शिक्षणाचे सगळे सार दिसते. बाहेरचे उत्तम ते घ्यायचे, आणि घेतलेले घरी आणून पोरांच्या हाती द्यायचे.

त्या समाजाने मराठी आणि धर्म कसे एकत्र नांदवले, याचा एक पुरावा पुण्यात छापलेल्या पुस्तकात आहे. १८७४ मध्ये तिथे हग्गादा निघाली. हग्गादा म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याची कथा. वल्हांडणाच्या रात्री घरातली सगळी माणसे एकत्र बसून ती वाचतात, आणि घरातल्या लहान मुलाने प्रश्न विचारून तिची सुरुवात करायची असते. पुण्याच्या त्या पुस्तकात हिब्रू आणि मराठी सोबत आहेत. चित्रात सणाची बेखमीर भाकर करणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांच्या अंगावर साड्या आहेत. ते पान उघडणाऱ्या पोराला मोझेसची गोष्ट परक्या मुलखातली वाटायचे कारण उरत नाही. चित्रातली बाई त्याला आपल्या आजीसारखी दिसते. आता त्या मुलाची शाळाही अशीच असेल, जिथले मास्तर त्याच्या घरचा सण जाणतात आणि त्याच तोंडाने त्याला भूमिती शिकवतात, तर त्या मुलाला वर्गात घर लपवावे लागत नाही. ज्यू शाळेच्या शिक्षणातला माझ्या मते हा सर्वांत मोठा लाभ आहे.

जगभरच्या ज्यू शाळांचा घाट साधारण असाच असतो. दिवसाचा काही भाग हिब्रू, तोरा हा धर्मग्रंथ आणि इतिहास. उरलेला गणित, विज्ञान आणि देशाची भाषा. आठवड्यातून एकदा संध्याकाळी चालणारा धर्मवर्ग आणि ही दिवसभराची शाळा यांत मूलभूत फरक आहे. संध्याकाळच्या वर्गात परंपरा ही अभ्यास संपल्यावरची जादाची गोष्ट होते आणि थकलेले मूल तिचा कंटाळा करते. दिवसभराच्या शाळेत ती गणिताच्या तासाशेजारी बसते, तिला वह्या असतात, चाचण्या असतात, कठीण प्रश्न असतात. जे गंभीरपणे शिकवले जाते त्याचा मुले गंभीरपणे विचार करतात. शनिवारी हजेरी लावायची की घरच्यांबरोबर प्रार्थनेला बसायचे, असा पेच सरकारी शाळेतल्या ज्यू मुलापुढे येतो. समाजाच्या शाळेत तो येतच नाही, कारण घरचे आणि शाळेचे कॅलेंडर एकच असते.

शाळेविषयीची ही आस्था या परंपरेत फार जुनी आहे. तालमुद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथात येहोशुआ बेन गमला या पहिल्या शतकातल्या मुख्य पुरोहिताचे नाव आदराने घेतले आहे, ते एका कामासाठी : त्याने गावोगावी शिक्षक नेमून सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेत बसवण्याची पद्धत घालून दिली. पुढची तपशीलवार चर्चा वाचली की आपण एखाद्या शिक्षण समितीचा अहवाल वाचतो आहोत असे वाटते. एका शिक्षकामागे पंचवीस मुले, चाळीस झाली तर मदतनीस, पन्नास झाली तर दुसरा शिक्षक. लहान मुलाला एका गावातून दुसऱ्या गावच्या शाळेत न्यायचे नाही, शाळा त्याच्या गावात हवी. आपल्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवले ते २००९ मध्ये. पटसंख्या कमी म्हणून वाडी-तांड्यावरच्या शाळा दुसऱ्या गावच्या शाळेत मिळवून टाकण्याची चर्चा आपल्या राज्यात वारंवार होते. सहा वर्षांच्या मुलाच्या पायाखालच्या अंतराची काळजी दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या पंडितांना होती, हे अशा चर्चेच्या वेळी आपण लक्षात ठेवावे.

अशा शाळांवरचा आक्षेप मला माहीत आहे आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. प्रत्येक समाजाने आपली शाळा काढली तर मुले आपापल्या कोषात वाढतील, शेजारच्या मुलाशी ओळखच होणार नाही, असे अनेकांना मनापासून वाटते. इस्राएलमध्ये आणि न्यू यॉर्कमध्ये अतिसनातनी ज्यूंच्या मुलांच्या काही शाळांत गणित, विज्ञान, इंग्रजीला जवळजवळ जागा नसते. त्यावर तिथल्याच ज्यूंनी वाद मांडला आहे, आणि तो योग्य आहे. जी शाळा जगाचा दरवाजा लावून घेते, ती मुलाचे नुकसान करते, मग ती कोणत्याही धर्माची असो. मी अशा शाळेची वकिली करीत नाही. माझगावच्या शाळेची कहाणी नेमकी याच्या उलट आहे. १९४८ मध्ये इस्राएल स्थापन झाल्यावर पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक बेने इस्राएल तिकडे गेले. शाळेतले ज्यू विद्यार्थी कमी कमी होत गेले. शाळेने कुलूप लावले नाही. त्याच बाकांवर गिरणगावातली, माझगाव-भायखळ्याची इतर धर्मांची मुले येऊन बसली आणि मराठी माध्यमातून शिकली. आज तिथली बहुसंख्य मुले ज्यू नाहीत. स्वतःच्या मुलांसाठी जीव ओतून बांधलेली शाळा दुसऱ्याच्या मुलांनाही उपयोगी पडते. आपले काय ते ज्यांना नीट शिकवले गेले, त्यांना दुसऱ्याचे पाहून भीती वाटत नाही.

आणि जे तिकडे गेले, त्यांनी मराठी सोडली नाही. इस्राएलमधून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक त्यांनी चालवले. हिब्रू ही राजभाषा असलेल्या देशात मराठी टिकवण्याची गरज त्यांना वाटली, कारण दोन भाषा एकमेकींच्या वैरिणी नसतात, हे ते घरीच शिकले होते.

आपल्या राज्यघटनेलाही हे अपेक्षित आहे. कलम २९ आणि ३० यांनी अल्पसंख्याकांना आपली भाषा, लिपी, संस्कृती जपण्याचा आणि शाळा काढण्याचा अधिकार दिला. कलम २८ ने त्याला लगामही घातला : सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत पालकांच्या संमतीवाचून कोणत्याही मुलावर धर्मशिक्षण लादता येत नाही. १९५६ मध्ये आलेले कलम ३५० अ भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकते. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. कायद्याची चौकट आहे, धोरणही आहे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण पाचवीपर्यंत मातृभाषेचा आग्रह धरते. कमतरता आहे ती या चौकटीत जीव ओतणाऱ्या शिक्षकांची, आणि ते घडवणे हे आपल्या विद्यापीठाचे काम आहे.

मराठवाड्याला ही गोष्ट परकी नाही, हे आपल्यापेक्षा कोण जास्त जाणेल? निजामाच्या राज्यात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले. मराठी मुलाला वरच्या शिक्षणात आपली भाषा दारातच सोडावी लागे, आणि खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी मिळवावी लागे. त्या काळात १९२१ मध्ये हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ आधी तिथे शिक्षक म्हणून उभे राहिले, मग अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते ते पुढे झाले. त्याआधी ते मास्तर होते. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये त्यांच्याच प्रेरणेने नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले, ज्याचे प्राचार्यपद नरहर कुरुंदकरांनी भूषवले. आपल्या विद्यापीठाला स्वामीजींचे नाव आहे आणि त्याचा स्थापना दिवस १७ सप्टेंबर १९९४ हा मुक्तिसंग्राम दिनाशीच जोडलेला आहे. माझगावला केहिमकरांनी जे केले तेच हिप्परग्याच्या शिक्षकांनी केले. दोघांनीही ओळखले होते की ज्याची शाळा दुसऱ्याच्या हातात, त्याच्या मुलांचे भविष्यही दुसऱ्याच्या हातात.

आता आपल्या आजच्या वर्गाकडे पाहू. मी किनवट तालुक्यात बरीच वर्षे शिकवले. होळीच्या दिवसांत तांड्यावर पहाटेपर्यंत लेंगी, म्हणजे होळीची गाणी, चालते. पहिलीतली एक पोर आईच्या मांडीशी बसून त्यातल्या ओळींमागून ओळी न अडखळता म्हणायची. तीच पोर वर्गात महिनोन्‌महिने तोंड उघडत नव्हती. हजेरीलाही नुसती मान हलवायची. तिच्या पाटीवर, पाठ्यपुस्तकात, भिंतीवरच्या तक्त्यात तिच्या घरचे काहीच नव्हते, म्हणून ती स्वतःही तिथे नव्हती. पुढे एकदा मी लेंगीच वर्गात म्हणायला लावली, तेव्हा ती उठून उभी राहिली आणि सगळ्या वर्गाला म्हणून दाखवली. त्यानंतर ती वाचायला शिकली, कारण आता शाळेत तिला जागा होती. शिक्षक त्या भाषेतला पंडित नसला तरी चालेल. त्याला तिचा मान ठेवता आला पाहिजे.

दुसऱ्या टोकाला लातूर-नांदेडच्या क्लासेसच्या गल्ल्या आहेत. लातूर पॅटर्नने खेड्यापाड्यांतल्या मुलांना डॉक्टर-इंजिनीअर होण्याची वाट दाखवली, याबद्दल आपण सगळे कृतज्ञ असले पाहिजे. पण अकरावी-बारावीला नाव कॉलेजात, मूल दिवसभर क्लासमध्ये, अशी डमी अ‍ॅडमिशन आता सर्रास झाली आहे. तिथे शाळा किंवा कॉलेज म्हणजे फक्त फॉर्म भरण्याची खिडकी. अशा मुलाला ‘नीट’ परीक्षेची सगळी उत्तरे येतात, आणि आपल्या गावाविषयी, भाषेविषयी, आजोबांच्या लढ्याविषयी त्याला एक प्रश्नही विचारता येत नाही. ज्यू शाळांनी दाखवून दिले की स्पर्धेत पुढे राहणे आणि मुळे घट्ट धरणे या दोन गोष्टी एकाच वेळापत्रकात बसतात. दोन्हींना वेळ द्यायचे ठरवावे लागते, इतकेच.

म्हणून आपल्याकडे माझ्या चार मागण्या आहेत.

एक, बी.एड.च्या अभ्यासक्रमात समाजांनी स्वतः उभारलेल्या शाळांवर एक स्वतंत्र घटक असावा. त्यात माझगावची ज्यू शाळा यावी, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा यावी, गुरुद्वाऱ्याच्या छायेतले नांदेडचे खालसा हायस्कूल, आपल्या शहरांतल्या उर्दू शाळा आणि किनवटच्या आश्रमशाळाही याव्यात. हिंदू, मुसलमान, शीख, बौद्ध, सगळ्या विद्यार्थी-शिक्षकांनी हा घटक एकत्र बसून शिकावा.

दोन, चारही जिल्ह्यांतल्या जुन्या शाळांची दप्तरे, जनरल रजिस्टरे, हस्तलिखिते, स्मरणिका, फोटो विद्यापीठाने गोळा करून स्कॅन करावेत. स्वातंत्र्यापूर्वीची कितीतरी कागदपत्रे वाळवीच्या तोंडी चालली आहेत. हिप्परग्याच्या आणि खालसा हायस्कूलच्या मुलांची गोष्ट ज्यांच्या तोंडी आहे, ती माणसे आता थोडी उरली आहेत. केहिमकरांनी वेळेवर लिहून ठेवले म्हणून आज आपल्याला त्यांचा समाज माहीत आहे.

तीन, विद्यार्थी-शिक्षकांच्या इंटर्नशिपचा काही काळ तांडा, पाडा किंवा उर्दू शाळेत सक्तीने असावा, आणि तेवढ्या काळात त्यांनी तिथल्या मुलांच्या गाण्यांतून, कोड्यांतून, गोष्टींतून एक लहानशी वाचनपुस्तिका तयार करावी. विद्यापीठाने त्या पुस्तिका छापाव्यात.

चार, गोरमाटी, गोंडी, कोलामी यांसारख्या भाषांचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम विद्यापीठाने चालवावेत आणि ते शिकवायला, त्यांच्या परीक्षा घ्यायला त्या समाजातले शिक्षक नेमावेत. मुंबई विद्यापीठाने एका शाळामास्तराला हिब्रूचा परीक्षक नेमले होते. नांदेडच्या विद्यापीठाला एखाद्या तांड्यावरच्या गुरुजींना तोच मान देता येईल.

यासाठी लागणारा पैसा फार नाही. लागतो तो ठराव आणि पाठपुरावा. अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीत पहिली मागणी विषयपत्रिकेवर यावी. त्या बैठकीसाठी वाचनसाहित्य जमवायला, किनवट-मुखेडकडच्या शाळांशी गाठ घालून द्यायला आम्ही निवृत्त शिक्षक तयार आहोत. मानधन नको, बसायला एक खोली आणि आपले पत्र पुरे. स्वामीजींचे नाव मिरवणाऱ्या विद्यापीठाने, आपल्या मुलांना स्वतःची आणि जगाचीही ओळख एकाच शाळेत व्हावी, हे काम हाती घ्यावे. आपल्या लेखी उत्तराची मी वाट पाहत आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
विष्णुपुरी, नांदेड